देवळातील विषधर

मलेशियाच्या पिनांग बेटावर बायान लेपास येथे, एकोणिसाव्या शतकात चोर सू कोंग या साधुपुरुषाच्या नावाने उभारलेले एक चिनी देवालय असून, त्याच्या वेदीपाशी मुद्दाम ठेवलेल्या वाळक्या फांद्यांवर जिवंत विषारी साप वेटोळी घालून पडलेले असतात. भाविकांची श्रद्धा अशी की, हयातीत सापांना आश्रय देणाऱ्या त्या सत्पुरुषाच्या सेवेसाठी ते आपण होऊन रानातून आले आणि उदबत्त्यांच्या धुराने गुंगून निरुपद्रवी झाले.

श्रद्धेच्या पूर्वार्धाविषयी वाद घालण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. उत्तरार्ध मात्र या प्राण्यावर अन्याय करतो. आपल्या सह्याद्रीत ज्याला चापडा म्हणतात त्याच्याच उपकुळातला हा साप, जर्मन प्राणिशास्त्रज्ञ वाग्लर यांच्या नावाने ओळखला जाणारा, मुळातच अचल वृत्तीचा आहे. धुराचा वासही न लागलेल्या सुमात्रा आणि मलय द्वीपकल्पाच्या अरण्यांतसुद्धा तो एकाच फांदीवर दिवसच्या दिवस पडून राहतो. ही गुंगी नव्हे, शिकार होय. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये जो खोल खळगा असतो, त्याला पाखराच्या किंवा उंदराच्या अंगची ऊब काळोखातही उमगते. मग भक्ष्य टप्प्यात येईतो हालचाल करण्याची गरजच काय?

जवळून पाहावे तर मादी चांगली मीटरभर लांब, अंगाने भरलेली, काळ्या खवल्यांवर पिवळ्या पट्ट्यांची, मान बारीक आणि डोके रुंद, त्रिकोणी. नर मात्र सडपातळ, पालवीसारखा हिरवा, अंगावर तांबडे-पांढरे ठिपके, इतका निराळा की दोघे एकाच जातीचे यावर अनोळखी माणसाचा विश्वास बसू नये. मादी अंडी न घालता जिवंत पिल्ले प्रसवते. या कुळातील बहुतेकांचे विष मुख्यत्वे रक्त आणि ऊती यांची हानी करते; याच्या विषातील ‘वाग्लेरिन’ ही चिमुकली प्रथिने मात्र मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत, आणि लहानशा भक्ष्याचा श्वास थांबतो. माणूस याच्या दंशाने क्वचितच दगावतो, तरी फांदीवरच्या सापाला हात लावण्याची मुभा त्यावरून कोणी घेऊ नये.

१९७२ साली बायान लेपास येथे कारखान्यांची वसाहत वसली, भोवतालची झाडी तुटत गेली, आणि देवळातील सापही रोडावले. त्यांच्या आपसूक येण्याची ती जुनी वहिवाट रानावर अवलंबून होती. आता देवळामागच्या बागेत फळझाडे राखून त्यांच्या मुक्कामाची तजवीज करावी लागते.