गच्चीवरचा पावसाळी मांडव

शहरांतील जुन्या इमारतीच्या अगदीं वरच्या मजल्यावर ज्यांचें बिऱ्हाड आहे, त्यांस छतांतून ठिबकणाऱ्या पाण्याचें वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. आमचें मुंबईंतलें घर असेंच चौथ्या मजल्यावर आहे आणि माथ्यावर थेट गच्ची. २०१८ च्या श्रावणांत आमच्या पुस्तकांच्या कपाटामागची भिंत ओली झाली व पुष्कळ वर्षें जपलेल्या एका संस्कृत कोशाचीं पानें एकमेकांस चिकटून बसलीं. घरांतील मंडळींनीं पातेलीं-घंगाळें मांडून तें वर्ष कसेंबसें काढलें. पुढच्या वर्षीं गृहसंस्थेनें गच्चीवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर पत्रे घातले. त्या मांडवाची ही हकीकत आहे. तींत आमचाहि दोष असल्यामुळें ती आम्हींच सांगावी हें बरें.

गच्ची झांकण्यास नियमांची आडकाठी कां असावी, असा प्रश्न प्रथम आम्हांसहि पडला होता. उत्तर सोपें आहे. गच्ची आकाशाखालीं उघडी राहते म्हणूनच ती इमारतीच्या चटईक्षेत्रांत मोजली जात नाहीं. तिच्यावर कायमचें छप्पर घातलें कीं तो एक नवा मजला झाला. त्याचा भार पायाच्या हिशेबांत नाहीं आणि त्याची परवानगीहि कोणीं दिलेली नाहीं. शिवाय खालीं आग लागली व जिना धुरानें भरला, तर पुष्कळदां माणसें वर गच्चीकडेच धांव घेतात. म्हणून ती मोकळी असावी हा सामान्य नियम. परंतु कोंकणपट्टीच्या पावसापुढें हा नियम जसाच्या तसा टिकत नाहीं, हें नियम करणारांसहि ठाऊक होतें. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत तात्पुरत्या बांधकामांची जी यादी होती, तींत पावसापासून रक्षण करणारें किंवा केवळ पावसाळ्यापुरतें गच्ची झांकणारें बांधकाम हें होतें. समारंभाचे मांडवहि त्याच यादींत येत. परवानगी आयुक्तांनीं द्यावयाची, आणि ती एका वेळीं सहा महिन्यांहून अधिक मुदतीची नसे. मुंबईबाहेरच्या बहुतेक महाराष्ट्राकरितां २०२० सालीं जी एकत्रित नियमावली झाली, तींतहि ही सवलत आहे.

व्याकरण शिकलेल्या वाचकांस येथें उत्सर्ग आणि अपवाद यांचें स्मरण होईल. सामान्य नियम तो उत्सर्ग. अपवाद त्याला बाजूस सारतो खरा, पण आपल्या विषयापुरताच; विषय संपला कीं उत्सर्ग पुन्हां आपल्या जागीं येऊन बसतो. गच्चीच्या अपवादाचा विषय पाऊस हा आहे. हवामान खात्यानें २०२० सालीं तारखा सुधारून दिल्या, त्यांप्रमाणें मुंबईंत मोसमी पाऊस सामान्यतः ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. म्हणजे सुमारें चार महिने. उरलेले आठ महिने मांडवाला उभें राहण्यास आधार नाहीं.

हें सर्व आम्ही आज सांगतों. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास मांडव काढण्याचा विषय निघाला, तेव्हां मात्र आम्हीच समितीवर होतों आणि आम्हीच गप्प बसलों. मुलांनीं तेथें कॅरम मांडला होता, सूनबाईंची पापड-कुरडयांची सोय झाली होती, आणि आमचा नातू म्हणाला, "आजोबा, पुढल्या पावसाळ्यांत पुन्हां बांधायचाच आहे ना? मग काढायचा कशाला? दोनदां मजुरी कशाला द्यायची?" ह्या युक्तिवादास आम्हांजवळ उत्तर नव्हतें, किंवा तें शोधण्याची इच्छा नव्हती. सावलींत आमचीहि आरामखुर्ची होती. पुढें महामारीची टाळेबंदी आली, आणि मांडव तसाच राहिला.

ता. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेलें. वारा ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेला होता. दुपारीं गच्चीवर तोफ उडावी तसा आवाज झाला आणि मांडवाचे दोन पत्रे सुटून मागल्या गल्लींत जाऊन पडले. एरवीं त्या जागीं एक भाजीवाल्या बाई टोपली घेऊन बसत. निर्बंधांमुळें व वादळामुळें त्या दिवशीं गल्ली ओस होती, एवढ्यावरच निभावलें. संध्याकाळीं आम्ही खालीं जाऊन पाहिलें. पत्र्याची कड फरसबंदींत बोटभर रुतली होती. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

मागाहून आम्हीं जुन्या संवयीनें पाटी-पेन्सिल घेतली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ३० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारें ५५ किलो वजनाइतका असतो. चाळीस चौरस मीटरांच्या छपरावर हा दोन टनांहून अधिक होतो, आणि तो पुष्कळदां खालून वर उचलणारा असतो. पावसाचें ओझें खालीं दाबतें, वारा वर ओढतो. आपले मिस्त्री पहिल्याचा विचार करतात, दुसऱ्याचा क्वचितच. ताडपत्रीचें भय निराळें. ती सैल बांधली आणि दहा चौरस मीटरांच्या झोळींत दहा सेंटिमीटर पाणी सांचलें, तर एक टन वजन दोरखंडांवर लोंबकळत राहतें.

अग्नीचें भय तर ह्याहून मोठें. ता. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईंत कमला मिलच्या आवारांत गच्चीवरच्या उपाहारगृहांस आग लागली व १४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. ताडपत्री व बांबू यांच्या आच्छादनामुळें ती झपाट्यानें पसरली, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. डिसेंबर अखेर मुंबईंत कोणता पाऊस असतो, हा प्रश्न आमच्या मनांतून अजून जात नाहीं.

ज्यांस मांडव हवाच आहे, त्यांनीं तो घालावा. आमच्या डोक्यावरचें गळणें त्यानेंच थांबलें हें आम्ही विसरलों नाहीं. मात्र खांब रोवण्यासाठीं गच्चीच्या थरास भोंकें पाडूं नयेत, नाहींतर पाणी अडवण्याच्या खटपटींत पाण्यालाच वाट मिळते. रुंद तळपट्ट्या घालून खांब एकमेकांस आडव्या-तिरप्या नळ्यांनीं बांधावे. कठड्याच्या भरंवशावर कांहीं बांधूं नये, जिन्याचें दार व टाकीकडची वाट अडवूं नये, आणि खालीं शेगडी, समई वा फटाका कांहींच असूं नये. सांगाडा जोडणीचा असला कीं उतरवण्याची मजुरीहि फारशी पडत नाहीं. नातवाच्या प्रश्नाचें हें उत्तर आम्हांस दीड वर्ष उशिरां सुचलें.

आतां संस्थेच्या ठरावांतच परवानगीबरोबर उतरवण्याची तारीख लिहिली जाते. ती कोजागरीच्या आधींची असावी, ही सूचना सूनबाईंची. गेल्या कोजागरीस गच्चीवर दूध आटवलें, तेव्हां वर मोकळें आभाळ होतें. नळ्या जिन्याखालीं रचून ठेवलेल्या होत्या. त्या नातवानें मोजून दिल्या. दोन कमी भरल्या, त्यांचा तपास अजून चालू आहे.