आल्प्सच्या घाटातील १७१ किलोमीटर : अर्धशक्ती, अतिव्यायाम आणि वैद्याचे कर्तव्य

व्यायाम हा विषय आपणा वैद्यांस नवा नाही. दिनचर्येत त्याचे स्थान, त्याचे लाभ, त्याची मर्यादा आणि मर्यादा ओलांडल्यास उद्भवणारे विकार यांचे विवेचन बृहत्त्रयीत सविस्तर आले आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा हा त्या विवेचनाचा गाभा होय. परंतु मनुष्य बुद्धिपुरस्सर अर्धशक्तीची मर्यादा ओलांडतो, तीही एकदा नव्हे तर सलग तीन आठवडे, तेव्हा देहात काय घडते, हे पाहण्याची संधी क्वचितच मिळते. फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत अशी संधी देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मार्गानुसार या शर्यतीचा विसावा टप्पा २५ जुलै २०२६ या तारखेस ठेवलेला आहे. या एका टप्प्याचा मार्ग वैद्यकीय दृष्टीने आधीच समजून घ्यावा आणि त्यातून आपल्या चिकित्सालयासाठी व औषधनिर्माणशाळेसाठी काय बोध घ्यावयाचा ते पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाचा चढ अनेक दशके स्पर्धकांचा कस पाहत आला आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका खंड ओलांडणारी शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर येथे पहाटे घाट चढणारे सायकलस्वार आज आपल्याच चिकित्सालयात गुडघेदुखी, आध्मान, कास किंवा ‘ताकदीचे औषध’ यांसाठी येतात.

मार्गाचे स्वरूप

टूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली. विसाव्या टप्प्याचा आरंभ आल्प्समधील बूर द्वाझां या दरीतील गावी असून शेवट आल्प द्युएझ या पर्वतावरील वसाहतीत आहे. या दोन गावांना जोडणारा एकवीस वळणांचा प्रसिद्ध घाट केवळ चौदा किलोमीटरांच्या आसपास आहे. परंतु या टप्प्यात स्पर्धकांना सरळ त्या मार्गाने न नेता १७१ किलोमीटरांचा वळसा घालून, चार घाट ओलांडून मागील बाजूने वर आणले जाते. एकूण चढ सुमारे ५,६०० मीटर. आपल्या लोणावळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण ६२० मीटर धरली, तर समुद्रकिनाऱ्यापासून लोणावळ्यापर्यंत एका दिवसात नऊ वेळा चढण्याइतके हे काम होते.

शिवाय आदल्या दिवशी, २४ जुलै रोजी, गाप ते आल्प द्युएझ हा १२८ किलोमीटरांचा टप्पा असून तोही याच पर्वतावर, एकवीस वळणांच्या घाटाने संपतो. आल्प द्युएझ येथे लागोपाठ दोन दिवस शेवट यापूर्वी १९७९ मध्ये ठेवण्यात आला होता. म्हणजे विसाव्या दिवशी सकाळी जो देह सायकलीवर बसेल तो विश्रांती घेतलेला देह नसेल. एकोणीस टप्प्यांचा क्षय आणि आदल्या सायंकाळचा श्रम घेऊनच तो निघेल.

पहिला घाट : संयमाची परीक्षा

आरंभी क्रवा द फेर हा घाट येतो. लांबी २४ किलोमीटर, सरासरी चढ ५.२ टक्के, माथा २,०६७ मीटरांवर. सरासरी सौम्य दिसते, कारण मध्ये धरणाजवळ लहान उतार आहेत. प्रत्यक्षात काही भाग बरेच तीव्र आहेत.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य विरोधक वारा असतो. दुसऱ्याच्या पाठीमागे राहिल्यास श्रम बराच वाचतो. घाटात वेग उतरला की वाऱ्याचा प्रश्न गौण होतो आणि देहाचा व सायकलीचा भार वर नेणे हेच काम उरते. येथे कोणी कोणाच्या आडोशाने जिंकू शकत नाही. म्हणून पहिल्या घाटात सुज्ञ स्पर्धक आपले बल राखून ठेवतो. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे, मुखशोष होणे, श्वास वाढणे ही बलार्धाची लक्षणे आपण विद्यार्थिदशेपासून शिकलो आहोत. आजचा स्पर्धक हृदयगती व पेडलवरील शक्ती यंत्राने मोजतो. साधन वेगळे असले तरी प्रश्न तोच आहे : पुढे लागणाऱ्या बलापैकी मी आता किती खर्च करीत आहे?

दरीतील उष्मा आणि अग्नीचा विचार

क्रवा द फेरवरून रस्ता मोरियेन या खोल दरीत उतरतो. माथ्यावरील गारव्यातून जुलैच्या उन्हात येणे हा शीतोष्णाचा व्यत्यास होय. पुढे टेलेग्राफ घाट : ११.९ किलोमीटर, सरासरी ७.१ टक्के, माथा १,५६६ मीटर. त्यानंतर वालवार गावापर्यंत थोडा उतार आणि लगेच तिसरा घाट.

या मध्यभागात शर्यत पायांपेक्षा कोष्ठावर अवलंबून असते. स्नायू व यकृत मिळून साठवलेली शर्करा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. पाच तासांच्या चढउतारास ती पुरत नाही. म्हणून स्पर्धक चालत्या सायकलीवर दर तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके घेतात. परंतु तीव्र श्रमात रक्ताचा ओघ स्नायूंकडे व त्वचेकडे वळतो, कोष्ठास तो कमी मिळतो, आणि त्याच वेळी अग्नीवर एवढे अन्न टाकावयाचे असते. हृल्लास, आध्मान, अतिसार यांमुळे अनेक बलवान स्पर्धक या शर्यतीत मागे पडले आहेत. यावर उपाय म्हणून ते कित्येक महिने सरावातच एवढे अन्न घेण्याची सवय लावतात. ज्यास आपण ओकसात्म्य म्हणतो, त्याचे हे उत्तम उदाहरण होय. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांस आवडेल : या संघांच्या न्याहारीत भात असतो, आणि वाटेत खाण्यासाठी भाताच्या छोट्या वड्याही दिल्या जातात.

गालिबिये : प्राणाची उणीव

तिसरा घाट गालिबिये. १९११ मध्ये टूरने तो प्रथम ओलांडला. लांबी १७.७ किलोमीटर, सरासरी ६.९ टक्के आणि माथा २,६४२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जवळजवळ एक हजार मीटरने अधिक. प्लां लाशा या ठिकाणानंतरचे शेवटचे आठ किलोमीटर सर्वांत कठीण आहेत. येथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहून थोडा कमी असतो. श्वास तितकाच घेतला तरी प्राणवायू कमी मिळतो, आणि नेमके येथेच चढ तीव्र होतो. अतिव्यायामाच्या उपद्रवांत आचार्यांनी तृष्णा, क्षय, प्रतमक, कास, रक्तपित्त, छर्दी यांची गणना केली आहे. शर्यतीनंतर कोरडा खोकला येणारे, श्वसनमार्गाचा संकोच होणारे, उलट्या करणारे स्पर्धक पाहिले म्हणजे ही यादी निरीक्षणावर आधारलेली आहे याची खात्री पटते.

माथ्यानंतरचा उतार दीर्घ आहे. घामाने भिजलेले शरीर वेगाने थंड वाऱ्यात शिरते. पूर्वी माथ्यावरील प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन ते अंगरख्याखाली छातीवर घालण्याची रीत होती. आता पातळ जाकीट असते. हेतू एकच : श्रमानंतर लगेच शीत वाताचा स्पर्श होऊ नये.

सारेन : उरलेले बल

चौथा घाट सारेन : १२.८ किलोमीटर, सरासरी ७.३ टक्के, माथा १,९९९ मीटर. रस्ता अरुंद व खडबडीत आहे. २०१३ मध्ये याच रस्त्याने स्पर्धक खाली उतरले होते व तो धोकादायक असल्याची तक्रार अनेकांनी केली होती. या वेळी तो चढावयाचा आहे. माथ्यानंतर थोडा उतार आणि मग आल्प द्युएझमधील शेवट.

माझ्या मते या टप्प्याचा निर्णय सारेनवर होईल, पण त्याचे कारण सारेनच्या आधी घडलेले असेल. ज्याने क्रवा द फेरवर बल राखले, टेलेग्राफवर अन्न पचविले आणि गालिबियेनंतर देह थंड पडू दिला नाही, त्याच्यापाशी येथे काही शिल्लक राहील. मागे राहणाऱ्यांचीही एक शर्यत चालू असते. विजेत्याच्या वेळेच्या ठराविक टक्केवारीत न पोहोचणारा स्पर्धक बाद होतो. पॅरिस केवळ एका दिवसावर असताना ही भीती मोठी असते. घाटात दुर्बल ठरणारे स्पर्धक एकत्र जमून एकमेकांच्या साहाय्याने वेळेत पोहोचण्याचा प्रयत्न करतात.

मोहाचा इतिहास

एवढ्या श्रमात उत्तेजकाचा मोह उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. १३ जुलै १९६७ रोजी मों व्हांतू या पर्वताच्या चढावर, शिखराजवळ, ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन कोसळला व मरण पावला. उष्मा, श्रम, अॅम्फेटामिन आणि मद्य यांचा तो संयोग होता. थकव्याची सूचना देणारी देहाची यंत्रणाच औषधाने बधिर केली होती.

आपल्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण १९०४ चे आहे. सेंट लुईस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स यास धावताना स्ट्रिकनिन, अंड्याचा पांढरा बलक व ब्रँडी देण्यात आली. तो विजयी ठरला, पण शेवटी त्यास आधार देऊन न्यावे लागले. स्ट्रिकनिन म्हणजे आपल्या कुचल्यातील मुख्य विषार आहे. ही केवळ जुनी कथा नव्हे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये किर्गिझस्तानचा भारोत्तोलक इज्जत आर्तिकोव याचे कांस्यपदक स्ट्रिकनिन आढळल्यामुळेच काढून घेण्यात आले.

आपल्या कपाटातील औषधे

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची निषिद्ध सूची दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. स्पर्धाकाळात स्ट्रिकनिन निषिद्ध आहे. भांगेतील द्रव्ये व अफूतील मॉर्फिन ठराविक प्रमाणापलीकडे आढळल्यास दोष धरला जातो. सोमकल्पातील एफेड्रिनसाठी लघवीत प्रति मिलिलिटर १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे.

आता आपला नित्याचा व्यवहार पाहा. शर्यतीच्या दोन दिवस आधी आध्मानाची तक्रार घेऊन आलेल्या तरुणास आपण सहज अग्नितुंडी वटी देतो. तीत कुचला आहे. कटिशूलासाठी विषतिंदुक वटी दिली तरी तेच. अतिसारासाठी जातीफलादि चूर्ण दिले तर त्यात भांग आहे, कर्पूर रस दिला तर अफू. श्वासाच्या रुग्णास दिलेल्या मिश्रणात सोमकल्प असू शकतो. शास्त्रोक्त शोधनाने कुचल्याची तीव्रता घटते, परंतु स्ट्रिकनिन पूर्णपणे नाहीसे होत नाही आणि प्रयोगशाळेस ते सापडू शकते. चिकित्सा योग्य, मात्रा योग्य, हेतू निर्मळ, तरीही त्या स्पर्धकाची काही वर्षे वाया जाऊ शकतात. कारण शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी नियमानुसार स्पर्धकाचीच धरली जाते. वैद्याने दिले हे उत्तर त्यास दोषमुक्त करीत नाही. भारतात २००५ पासून राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था कार्यरत असून २०२२ मध्ये त्याविषयी स्वतंत्र कायदाही झाला आहे.

याउलट सर्वच बल्य औषधांविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. उदाहरणार्थ, अश्वगंधा निषिद्ध सूचीत नाही. प्रश्न आहे तो घटक जाणून देण्याचा.

वैद्यबंधू-भगिनींनी प्रत्येक तरुण रुग्णास एक प्रश्न अवश्य विचारावा : आपण स्पर्धेत उतरता काय? उत्तर होकारार्थी असल्यास शेड्यूल ई-१ मधील विषवर्गीय द्रव्ये व भांग, अफू असलेले कल्प टाळून पर्यायी योजना करावी. आध्मानास हिंग्वाष्टक, अतिसारास कुटज हे पर्याय आपल्यापाशी आहेतच. चिठ्ठीवर कल्पाचे नाव स्पष्ट लिहावे. पुडीतील मिश्रण असल्यास त्याचे घटकही लिहून द्यावेत, म्हणजे स्पर्धकास ते पडताळून घेता येतील.

औषधनिर्मात्यांनी कुचल्याचे कल्प ज्या खलात, चाळणीत व पल्व्हरायझरमध्ये तयार होतात, तेथेच बल्य चूर्णे दळू नयेत. दळावी लागल्यास मध्ये संपूर्ण स्वच्छता करून तिची नोंद ठेवावी. ‘खेळाडूंसाठी निर्धोक’ अशी जाहिरात प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय करू नये. औषधविक्रेत्यांनी ई-१ मधील कल्प चिठ्ठीवाचून ‘ताकदीसाठी’ म्हणून देऊ नयेत.

आल्प द्युएझच्या वाटेवर जो पुढे जाईल त्याचे कौतुक जग करील. आपल्या घाटांत सराव करणाऱ्या मुलामुलींपैकी एखादा उद्या त्या वाटेवर जावो अथवा केवळ बोरघाट चढो, त्याचे श्रम आपल्या एका पुडीमुळे व्यर्थ जाऊ नयेत, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती. इत्यलम्.