चर्चच्या दाराशी

सॅन फ्रान्सिस्को : गेल्या रविवारी इथल्या एका चर्चसमोर साठीतला एक माणूस पुठ्ठा धरून बसला होता. पुठ्ठ्यावर जाड मार्करने एवढंच लिहिलेलं : मत्तय 25:35. शेजारी सुपरमार्केटची ढकलगाडी, तीत त्याचा सगळा संसार. गाडीचं पुढचं चाक चर्चच्या फरशीवर जाऊ नये म्हणून त्याने खाली वीट लावली होती. विटेचं कारण मला नंतर कळलं. फुटपाथ सार्वजनिक आहे, तिथे फलक घेऊन बसायचा हक्क त्याला राज्यघटनेने दिलाय. पायरी मात्र चर्चच्या मालकीची. तिथे टेकला तर घुसखोरी.

त्या आकड्यांचा अर्थ आत जाणाऱ्यांना सांगावा लागत नाही. भुकेल्याला घास आणि परक्याला आसरा दिलात तो मलाच दिलात, असं येशू तिथे म्हणतो. तरीही बहुतेक जण नजर चुकवून आत गेले.

या शहरात ही जखम जुनी आहे. सेंट मेरीज कॅथेड्रलने आपल्या चार दारांवर पाण्याचे फवारे बसवल्याचं 2015च्या मार्चमध्ये उघडकीला आलं. रात्रभर ठरावीक वेळाने मिनिटभराहून जास्त पाणी पडायचं. दाराशी निजलेली माणसं पांघरुणांसकट भिजायची. दारांशी सुया आणि विष्ठा सापडते, असं कारण चर्चने दिलं. ते खोटं नसेल. चर्चच्या संस्था हजारो गरिबांना मदत करतात, हेही खरं. पण झोपलेल्या माणसावर पाणी सोडायचं ठरवताना कुणाचाच हात अडखळला नाही, याची मला आजही चीड येते. बोभाटा झाल्यावर चर्चने माफी मागितली आणि फवारे काढले. त्याच्या महिनाभर आधीच पोप फ्रान्सिस यांच्या व्हॅटिकनने सेंट पीटर्स चौकात बेघरांसाठी न्हाणीघर उघडलं होतं, दाढी-केस करायला न्हाव्यासकट. या पोपनी ज्या गरिबांच्या संताचं नाव घेतलं, त्याचंच नाव या शहराला आहे.

आता तर चर्चच्या दाराचं मोल आणखी वाढलंय. 28 जून 2024 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला : निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला शहर दंड करू शकतं. चर्चला इथे मालमत्ता कर माफ असतो. शिवाय 2024पासून कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने धर्मसंस्थांना स्वतःच्या जमिनीवर परवडणारी घरं बांधणं सोपं केलंय. जागा आहे, कायदाही बाजूने आहे. मग देवाच्या नावाने राखलेली जमीन रिकामी ठेवून आत करुणेवर प्रवचन द्यायचं, याला ढोंग नाही तर काय म्हणायचं?

दुसरी वाट याच शहराने दाखवलीय. टेंडरलॉइन वस्तीतल्या सेंट बोनिफेस चर्चमध्ये 2004 साली लुई व्हिटाली या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या पुढाकाराने गुबिओ प्रकल्प सुरू झाला. सकाळी दार उघडलं की रात्रभर वणवणलेली माणसं आत येऊन बाकांवर आडवी व्हायची. पुढच्या बाकांवर प्रार्थना चालायची, मागच्या बाकांवर लोक घोरत असायचे. बरीच वर्षं हे असं चाललं, आणि प्रार्थनेसाठी म्हणून कुणाला उठवलं जात नसे.