अंबरनाथ-बदलापूरकरांनो, आपले रस्ते ओळखा! 🛣️

लोकल ही आपली जीवनवाहिनी. पण बदलापूरहून नवी मुंबईला थेट लोकल नाही, ठाण्याला गाडी बदलावी लागते. म्हणून हे रस्ते माहीत हवेत.

📍 कल्याण-बदलापूर रस्ता: उल्हासनगर आणि अंबरनाथच्या भरवस्तीतून जाणारा जुना मार्ग. अंतर कमी, सिग्नल आणि गर्दी जास्त.

📍 काटई-बदलापूर-कर्जत राज्यमार्ग: शीळ रस्त्यावरच्या काटई नाक्यापासून खोणी, नेवाळीमार्गे बदलापूर, पुढे वांगणी, नेरळ, कर्जत. शेजारून जलवाहिन्या जातात, म्हणून बदलापूर पाइपलाइन रोड. खोणीहून तळोज्याकडे आणि नेवाळीहून मलंगगडाकडे वळता येतं. नवी मुंबईसाठी हाच खरा आधार.

📍 कल्याण-मुरबाड रस्ता: उल्हासनगरकरांना शहाडहून जवळचा. पुढे माळशेज घाट आणि नगर. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 222, आता 61.

📍 बदलापूर-बारवी-मुरबाड: कल्याणला वळसा न घालता मुरबाड गाठण्यासाठी.

📍 वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग: बदलापूरजवळच्या बेंडशीळपासून माथेरानच्या डोंगररांगेखालून पनवेलच्या दिशेने चार किलोमीटरहून लांब जुळे बोगदे.

शहरं रेल्वेच्या आधाराने वाढली. आता पनवेल, तळोज्याकडे जाणारे हे आडवे रस्ते रुंद आणि सुरक्षित होणं ही आपल्या सगळ्यांची गरज आहे. पोस्ट शेजाऱ्यांनाही पाठवा.