गोठ्याच्या कोब्याचा खर्च काढताना

गोठ्यात कोबा करायचा तर गवंड्याला "अंदाजे किती?" विचारण्याआधी स्वतः हिशेब करा. हिशेब सोपा आहे.

समजा, गोठा 30 बाय 15 फूट, म्हणजे 450 चौरस फूट. जाडी 4 इंच धरली तर काँक्रीट लागतं 150 घनफूट, म्हणजे दीड ब्रास. 1:1.5:3 या प्रमाणाला सिमेंट साधारण 34 गोण्या, वाळू पाऊण ब्रासच्या आत आणि खडी सव्वा ब्रास. खाली 6 इंच दगडाचं सोलिंग केलं तर आणखी सव्वादोन ब्रास दगड. आता तुमच्या गावचे भाव लावा. मजुरी, वाहतूक आणि थोडी नासधूस वेगळी धरा.

खरा खर्च वाढतो तो उतारात! गव्हाणीपासून मूत्राच्या नालीपर्यंत 15 फुटांत 3 इंच उतार हवा. तो काँक्रीटमधून काढला तर जवळजवळ 13 गोण्या सिमेंट जादा जातं. म्हणून उतार मुरुमातच काढा, पाणी मारून धुमसाने ठोका आणि वर सगळीकडे सारख्याच जाडीचा थर टाका.

आणि कोबा घोटून गुळगुळीत करू नका. गाभण गाय घसरली तर वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातात. ओल्यावरच खराट्याने आडव्या रेघा ओढा; त्याला जादा पैसा लागत नाही. पुढे किमान 7 दिवस पाणी मारा, तोवर जनावरं बाहेरच बांधा.