बुळकांडी गेली, वराहज्वर का राहिला?

गुराढोरांच्या बुळकांडीचे उच्चाटन हे भारतीय पशुवैद्यकाचे फार मोठे यश होय. १९५४ साली सुरू झालेली राष्ट्रीय मोहीम अर्धशतक चालली. २००६ साली देश संसर्गमुक्त ठरला आणि २०११ साली हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. डुकरांचा वराहज्वर, म्हणजे क्लासिकल स्वाइन फीवर, याच वाटेने जाईल अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. (माणसांतील स्वाइन फ्लूशी त्याचा संबंध नाही.) तथापि दोन्ही विषाणूंची चाल सारखी नव्हे.

बुळकांडीतून वाचलेले जनावर पुढे विषाणू बाळगीत नसे. वराहज्वरात मात्र गाभण डुकरिणीला सौम्य संसर्ग झाला, तरी विषाणू वारेतून गर्भात शिरतो. गर्भाची प्रतिकारयंत्रणा घडण्यापूर्वी तो पोहोचला, तर ती त्याला परका मानीतच नाही. असे पिलू जन्मतः धडधाकट दिसू शकते. त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये आढळत नाहीत, आणि ते महिनोन्‌महिने विषाणू बाहेर टाकीत राहते. शिवाय गोठविलेल्या मांसात विषाणू दीर्घकाळ टिकतो व खरकट्यावाटे पुन्हा कळपात येतो.

लशीची अडचण निराळी होती. सशांत वाढविलेल्या विषाणूपासून ती तयार होई. एका सशाच्या प्लीहेतून अवघ्या पन्नासेक मात्रा मिळत. देशाची वार्षिक गरज सुमारे दोन कोटी मात्रांची, तर उत्पादन सुमारे बारा लाखांचे. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने देशी विषाणूपासून पेशीसंवर्धनात सिद्ध केलेली लस २०२० साली पुढे आली, तेव्हा ही कोंडी फुटण्याचा मार्ग मोकळा झाला. केंद्राचा नियंत्रण कार्यक्रम २०१४-१५ मध्ये ईशान्येकडील राज्यांत सुरू झाला होता. डुकरे तिकडेच अधिक. तेव्हा हा क्रम रास्तच म्हटला पाहिजे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात प्रश्नाचे रूप पालटते. १९९९ साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पशुवैद्यकीय दवाखान्याचा नित्याचा व्याप गाय, म्हैस आणि शेळी यांचाच. गावकुसाबाहेर मोकाट चरणारे डूकर दावणीला नसते. त्याचा मालक असतो, पण जनावर दवाखान्यात आणण्याचा प्रघात नसतो. कळप थोडे म्हणून रोग सोपा, हा समज फसवा आहे. अमेरिकेने १९६१ साली कायदा करून १९७८ साली हा रोग संपविला, तो बाधित कळप मारून आणि मालकाला भरपाई देऊन. भरपाईवाचून आजारी डुकराची वर्दी कोण देणार?

लसीकरण थांबविल्यानंतर खरी कसोटी लागते. प्रचलित लशीने निर्माण होणारी प्रतिद्रव्ये संसर्गातील प्रतिद्रव्यांहून चाचणीत वेगळी ओळखता येत नाहीत. म्हणून लस थांबल्यानंतर जन्मलेल्या, आणि आईच्या चिकातून आलेली प्रतिद्रव्ये ओसरलेल्या पिलांचेच रक्त पुरावा म्हणून ग्राह्य ठरते. त्यासाठी पिलाचे वय ठाऊक हवे. आणि मोकाट डुकराच्या पिलाची जन्मनोंद कोठेच होत नाही.