सांधा दिसता कामा नये

जलरंगातलं एखादं चित्र मनासारखं जमलं की हल्ली पुढचा विचार चटकन येतो: याचं कापड झालं तर? पूर्वी त्यासाठी शेकडो मीटरची ऑर्डर घेणारी गिरणी गाठावी लागे. आता मागणीनुसार छापून देणाऱ्या सेवा आहेत. नॉर्थ कॅरोलिनात 2008 साली सुरू झालेली स्पूनफ्लॉवर ही त्यातली बरीच ओळखीची. घरच्या टेबलावर रंगवायचं, फाइल पाठवायची, कापड टपालाने दारात. अनोळखी शहरात नव्याने घर मांडलेल्या, ना स्टुडिओ ना ओळखीपाळखी अशा माणसालाही हे जमण्यासारखं आहे. पण चित्र आणि नक्षी या दोन वेगळ्या गोष्टी. चित्र चौकटीत संपतं. नक्षीला कापड असेल तिथपर्यंत चालत राहावं लागतं.

हे ज्याला पुरतं कळलं होतं असा एक माणूस म्हणजे योझेफ फ्रांक. व्हिएन्नातला नावाजलेला वास्तुरचनाकार. ज्यू होता. वातावरण बिघडत चाललेलं पाहून 1933 च्या अखेरीस तो स्टॉकहोमला गेला. पत्नी आना स्वीडिश होती. तिथे एस्ट्रिड एरिक्सन या बाईंच्या ‘स्वेन्स्क्त टेन’ या दुकानासाठी तो फर्निचर आणि छापील कापडांचे नमुने करू लागला. युद्धकाळात पुन्हा बिऱ्हाड हललं, या वेळी न्यूयॉर्कला. 1944 मध्ये एरिक्सनबाईंना पन्नास वर्षं पूर्ण झाली, तेव्हा त्याने तिथून त्यांना पन्नास नवे नमुने पाठवले. दोनदा देश बदललेल्या माणसाने समोर असेल ते उचललं. मॅनहॅटनच्या नकाशांची एक नक्षी झाली, आणि ‘व्हेजिटेबल ट्री’ या नक्षीत तर एकाच झाडाला वेगवेगळी फळंभाज्या लगडल्या. वनस्पतिशास्त्राशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. म्हातारपणी तो मुख्यतः जलरंगच करत राहिला.

फ्रांकच्या कापडात तोच तुकडा पुन्हा कुठे सुरू होतो हे शोधायला बसलं तर वेळ लागतो. ती किमया रंगात नाही, मांडणीत आहे, आणि मांडणी हाताने शिकण्यासारखी आहे.

एक आयताकृती कागद घ्या. मधोमध पानं-फुलं काय हवं ते काढा, पण कडांना काही टेकू देऊ नका. आता कागद उभा मधोमध कापा. डावा तुकडा उजवीकडे ठेवा, उजवा डावीकडे, आणि मागून चिकटपट्टी लावा. आधी बाहेर असलेल्या दोन कडा आता मध्ये एकमेकींना भिडल्या. मग कागद आडवा मधोमध कापून वरचा भाग खाली आणि खालचा वर घ्या. चित्राचे चार तुकडे चार कोपऱ्यांत गेले आणि मध्ये मोकळं अंगण उरलं. तिथे नवी फांदी काढा, चिकटपट्टीच्या रेषा ओलांडून खुशाल न्या. फक्त बाहेरच्या कडेला लागू देऊ नका. आता या कागदाच्या चारही कडा आपणच एका सलग चित्रातून कापलेल्या आहेत. म्हणून त्याची दुसरी प्रत शेजारी ठेवली की अर्धं पान अर्ध्या पानाला जुळतं. जुळवावं लागत नाही. संगणकावर फोटोशॉपचा ऑफसेट हा फिल्टर नेमकं हेच करतो, पण ज्याने एकदा कात्रीने केलं आहे त्याला तो लवकर समजतो.

कापाकापी जलरंगाच्या कागदावर मात्र नको. ओला रंग चिरेत शिरतो. ती पेन्सिलीने साध्या कागदावर करायची आणि मग रेषा चांगल्या कागदावर उतरवायच्या. किंवा प्रत्येक फूल सुटं रंगवायचं आणि संगणकावर गुंफायचं. मला दुसरी पद्धत जास्त पटते, कारण बिघडलेलं एक फूल पुन्हा रंगवता येतं.

असा तयार झालेला तुकडा सरळ ओळीत मांडला की तेच फूल एका आडव्या रेषेत येतं आणि डोळा ती रेषा पकडतो. म्हणून शेजारचा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकवतात. साडीवरच्या बुट्ट्या एकाआड एक सरकवलेल्या असतात तसं. याला हाफ-ड्रॉप म्हणतात. ओळ तिरपी होते आणि सांधा लपतो.

जलरंगाची खरी अडचण पुढेच आहे. हा रंग म्हणजे रंगद्रव्याचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारा गम अरेबिक. ओला थर वाळताना कडेचं पाणी आधी उडतं, आतलं पाणी तिकडे वाहतं आणि कणांना सोबत नेतं. त्यामुळे कडेला गडद रेघ उमटते. अल्ट्रामरीनसारखे रंग तर कागदाच्या खळग्यांत बसून रवाळ दिसतात. जलरंगाचं सौंदर्य या अनियमितपणात आहे, आणि पुनरावृत्तीत तोच अंगाशी येतो. पार्श्वभूमीवर पडलेला एक सुंदर गडद डाग दर वीतभर अंतरावर पुन्हा येतो, आणि दहा फुटांवरून पाहिलं तर पडद्यावर पट्टे दिसतात. यासाठी तुकडा संगणकाच्या पडद्यावर अगदी लहान करून आडवे पाच, उभे पाच असा मांडावा आणि डोळे किलकिले करून पाहावा. जे आधी डोळ्यात भरेल तेच बिघडलेलं. ओल्या रंगाची मौज फुलापानांच्या आत ठेवावी आणि पार्श्वभूमी शांत ठेवावी, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग.

मिश्र माध्यमाचा इथे उपयोग होतो. मेणखडूने आधी रेघ ओढली तर तिथे जलरंग धरत नाही आणि पांढरी शीर उरते. वाळलेल्या थरावर रंगीत पेन्सिल किंवा गुआश हा अपारदर्शक जलरंग फिरवला की छपाईत हरवू शकणारी कड पुन्हा ठळक होते. टिश्यू पेपर किंवा जुन्या नकाशाचा तुकडा चिकटवायचा असेल तर तो पातळ असावा. घरगुती स्वस्त स्कॅनर काचेला न टेकलेली वस्तू धूसर टिपतात, आणि प्रकाश तिरपा पडत असल्याने खरबरीत कागदाचा दाणाही सावलीसह येतो. स्कॅन करायचंच असेल तर गुळगुळीत, हॉट-प्रेस्ड कागदावर रंगवणं सोयीचं.

स्कॅन 600 डीपीआयवर करा. कापडाला 150 पुरतं, म्हणजे 20 सेंटिमीटरचं फूल 80 सेंटिमीटरपर्यंत मोठं छापता येतं.

छपाईत कापडाप्रमाणे शाई बदलते. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग लावतात. कापडाला आधी सोडा, युरिया वगैरेंचा थर देतात, छापल्यावर वाफ देतात आणि न चिकटलेला रंग धुऊन काढतात. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग साधारण 200 अंश सेल्सिअस उष्णतेने आत शिरवतात. पिगमेंट शाई धाग्याच्या वर बसते. ती कुठल्याही कापडावर चालते, पण रंग थोडा मवाळ दिसतो. या छपाईत पांढरी शाई सहसा नसतेच. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, इथे पांढरा म्हणजे कापड, आणि सुती कापड बरेचदा किंचित पिवळट असतं. झगझगीत गुलाबी संगणकाच्या पडद्यावर दिसतो तसा कापडावर येत नाही, आणि अगदी फिके थर तर नाहीसेच होतात.

म्हणून पहिल्याच फाइलला मीटरभर कापड मागवू नका. आधी वीतभर नमुना मागवा, एकदा धुवा, खिडकीशी दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी धरा. फिके थर एक पायरी गडद करा, आणि मगच पडद्याचं माप घ्या.